फ्रेमच्या मागचे मुख्यमंत्री

मामाच्या हॉलमध्ये मुख्यमंत्र्यांच्या फोटोसाठी एकच फ्रेम होती. मुख्यमंत्री बदलले की मामा स्टुलावर चढून ती खाली उतरवायचा, मागचे बारीक खिळे पकडीने वाकवायचा, नवा फोटो जुन्यावर ठेवायचा आणि खिळे पुन्हा ठोकायचा. जुना फोटो फेकायचा नाही. "परत येतात गं," तो मला सांगायचा. ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत आमच्या राज्याचे मुख्यमंत्री इतक्यांदा बदलले की फ्रेम मागून फुगली होती. ती भिंतीला टेकून राहायची नाही, पुढे झुकायची. हॉलमध्ये काय चाललंय ते आतली सगळी मंडळी वाकून बघताहेत, असं वाटायचं.

मी तेव्हा मुलुंडला मामाकडे राहत होते. वडिलांची बँकेतून विदर्भात बदली झाली होती आणि माझं कॉलेज अर्ध्यावर होतं. शाळा इंग्रजी माध्यमाची, नन्सची. चार माणसांत गप्प बसायची निम्मी सवय शाळेने लावली आणि उरलेली माझ्या स्वभावाने. मामाच्या घरात ती फार उपयोगी पडली. गप्प बसणाऱ्या मुलीला लोक थोड्या वेळाने फर्निचर समजतात आणि तिच्यादेखत वाट्टेल ते बोलतात.

मामा पक्षाचा ब्लॉक अध्यक्ष होता, शिवाय विशेष कार्यकारी दंडाधिकारी. ऐकायला भारदस्त. प्रत्यक्षात दारावर एक पाटी, टेबलाच्या खणात एक गोल शिक्का, आणि सकाळी उठल्यापासून पायरीवर मार्कशीटच्या आणि दाखल्यांच्या प्रतींवर सही घ्यायला आलेली माणसं. सरकार हे पद आपल्या कार्यकर्त्यांना हळदीकुंकवाचं वाण वाटावं तसं वाटायचं. मामा बनियनवर शर्ट चढवून बाहेर यायचा, शिक्क्यावर तोंडाने हा करून वाफ सोडायचा, मग तो दाबायचा आणि समोरच्याला विचारायचा, "मतदारयादीत नाव आहे ना?"

जसं काही त्याने फरक पडणार होता. आमच्या भागात मत कुणाला द्यायचं हा प्रश्नच नव्हता. बाकीचे पक्ष होते, भिंतीही रंगवायचे. विरोधातले एक गुरुजी दर वेळी उभे राहायचे, दर वेळी पडायचे आणि निकालाच्या संध्याकाळी मामाकडे चहाला यायचे. "या, गुरुजी, थोडक्यात गेलं," असं मामा म्हणायचा. थोडक्यात कधीच गेलेलं नसायचं. तिकीट मिळालं की माणूस निवडून आला, आणि मतदान म्हणजे लग्न ठरल्यावर पत्रिका छापतात तसलं काम.

त्यामुळे सगळी अक्कल खर्च व्हायची ती तिकीट कुणाला, कुणामुळे आणि कशाच्या बदल्यात यावर. संध्याकाळी मामाच्या हॉलमध्ये ब्लॉकचे कार्यकर्ते जमायचे आणि नेत्यांचं भविष्य वर्तवायचे. त्यात म्होरक्या होता तो ब्लॉकचा चिटणीस. हडकुळा, कायम घामाघूम, बातमी आणण्यात पटाईत.

"तो गेला आता," चिटणीस एकदा एका आमदाराबद्दल म्हणाला. "परवा साहेबांच्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसलेला."

"मग? गाडीत घेतला म्हणजे जवळचाच की."

"अरे, मागे जागा होती ना! मागे जागा असताना पुढे बसवला. संपला तो. लिहून घे."

या माणसांनी कधी विचारलं नाही की त्या आमदाराने रस्ता केला का, नळाला पाणी आणलं का. तो कुठे बसला, कुणाच्या हाराला त्याने मान वाकवली, कुणाच्या मुलीच्या लग्नात तो जेवायला थांबला, यावरून त्याचं पुढचं आयुष्य ठरायचं. मी आतल्या दाराशी पुस्तक घेऊन बसायचे. पान उलटायचं अधूनमधून विसरून जायचे, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मामाला विधानसभेचं तिकीट हवं होतं. मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून त्याला ते हवं होतं. दर वेळी "पुढच्या खेपेला नक्की" असं वरून कुणीतरी सांगायचं आणि मामा ते घरी येऊन आम्हाला सांगायचा. कारखान्यातली नोकरी त्याने यापायी कधीच सोडली होती. मामी पोळपाट-लाटणं, शिवणाचं मशीन आणि दोन शिकवण्यांवर घर ओढायची आणि वर हॉलमधल्या चहाला दूध पुरवायची. त्या वर्षी निवडणुकीच्या आधी मामा जेवताना एकदम म्हणाला, "या वेळी नाही झालं, तर मग मी शिक्के मारत मारतच मरणार." मामीने त्याच्या पानात भात वाढला, वर दोनदा तूप. एरवी ती तूप मोजून वाढायची, म्हणजे तिलाही ते खरं वाटत होतं.

मामाच्या वाटेत एकच माणूस होता. त्याला सगळे टेम्पोवाला म्हणायचे. एका टेम्पोवर भाजीचे क्रेट वाहून त्याने सुरुवात केली होती आणि आता चेकनाक्यापाशी त्याचे टेम्पो ओळीने उभे असायचे. पक्षात येऊन त्याला फार दिवस झाले नव्हते. तो पेपर वाचत नसे, बातम्या ऐकत नसे, मीटिंगमध्ये जांभया द्यायचा. मामा त्याच्याबद्दल बोलताना नाक मुरडायचा. "त्याला पक्ष म्हणजे माल वाटतो रे. इथून उचलला, तिथे टाकला, झालं."

आणि मग निरीक्षक आले.

पक्षाची रीत अशी होती की तिकीट वाटायच्या आधी दिल्लीहून प्रत्येक भागात एक निरीक्षक पाठवायचा. तो परराज्यातला हवा, म्हणजे त्याला इथलं कुणी ओळखीचं नाही, इथली भाषा येत नाही, आणि म्हणून तो निःपक्षपाती. ज्याला काहीच कळत नाही त्याच्यावर सगळ्यांचा विश्वास. आमच्या वाट्याला आले ते एका छोट्याशा डोंगराळ राज्याचे राज्यमंत्री. त्यांच्या अख्ख्या राज्याचे मतदार मुलुंड-भांडुपात मावतील, असं चिटणीस म्हणाला, आणि बहुधा तो चुकून खरं बोलला होता.

पक्षाचं ऑफिस म्हणजे एका गॅरेजमागची खोली. तिथे फोन नव्हता. निरीक्षकांना फोन हवाच होता, कारण त्यांच्या राज्यात काहीतरी घडत होतं आणि त्यांना तिकडे सारखे ट्रंक कॉल लावायचे होते. मामाकडे फोन होता. मामाने हे भाग्य दोन्ही हातांनी धरलं. तिकीट मागणाऱ्या इच्छुकांच्या मुलाखती आमच्या हॉलमध्ये ठरल्या. फोनच्या डायलला एरवी छोटं पितळी कुलूप असायचं आणि किल्ली मामाच्या जानव्याला. त्या सकाळी त्याने कुलूप काढून शिक्क्याच्या खणात टाकलं आणि फोनखाली मामीच्या हातचा विणलेला रुमाल घातला.

निरीक्षकांचं हिंदी माझ्याहून वाईट होतं. त्यांना इंग्रजी बोलायला बरं वाटायचं. मामा मला पुढे ढकलून म्हणाला, "आमची भाची. कॉन्व्हेंटची." माझ्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. दोन दिवस मी त्यांच्या खुर्चीशेजारी स्टुलावर बसून इच्छुकांचं मराठी त्यांना इंग्रजीत सांगत होते.

ते ठेंगणे, नीटनेटके गृहस्थ होते. आवाज हळू. प्रत्येकाचं ऐकून घ्यायचे आणि मान हलवायचे. एक इच्छुक छातीवर हात मारून म्हणाला, "मी पक्षासाठी रक्त सांडलंय!" निरीक्षकांनी काळजीने विचारलं, कुठे? मी ते मराठीत विचारलं. तो म्हणाला, "रक्तदान शिबिरात, दर वर्षी." मी ते इंग्रजीत सांगितलं. निरीक्षकांनी मान हलवली.

दोन इच्छुकांच्या मधल्या वेळात ते फोनशेजारी बसून ट्रंक कॉलची वाट बघायचे आणि माझ्याशी बोलायचे. त्यांना कुणाशी तरी बोलायचं होतं आणि मी त्यांना सुरक्षित वाटले असणार. अनोळखी शहरातली, पक्षात नसलेली, गप्प मुलगी. त्यांनी मला त्यांच्या मंत्रिमंडळाचं सगळं पंचांग सांगितलं.

"आमचे बांधकाममंत्री वर चाललेत," ते म्हणाले. "त्यांनी दिल्लीत घर घेतलं. शिक्षणमंत्री मात्र खाली चाललेत. ते लोकांना आवडायला लागलेत."

"लोकांना आवडणं वाईट आहे का?" मी विचारलं. सकाळपासूनचं माझं स्वतःचं असं ते पहिलं वाक्य असावं.

"वाईट नाही. संशयास्पद आहे. लोकांना आवडला, म्हणजे दिल्लीची गरज नाही असं त्याला वाटू लागेल."

मी विचारलं, मग निवडणुकीत हरतो कोण?

ते हसले. "आमच्याकडे कुणी हरत नाही. फक्त वगळतात. वगळलेला माणूस दिल्लीला जातो आणि कुणाच्या तरी बंगल्याच्या लॉनवर बसून राहतो. दुसरा पक्षच नाही, जाणार कुठे? आणि जायला जागा नाही म्हणूनच तो परत येतो."

मग त्यांनी आवाज आणखी उतरवून सांगितलं की त्यांचे मुख्यमंत्री आज-उद्याकडे जातील. ते गेले की रीतीप्रमाणे सगळं मंत्रिमंडळ राजीनामा देतं. मग दिल्ली सगळ्यांना पत्त्यांसारखं पिसते आणि पुन्हा वाटते. "बातमीत फक्त राजीनामा येईल," ते म्हणाले. "तो वाचून घाबरतात ते नवशिके."

आपल्या राज्यात पाऊस केव्हा येतो हे जितक्या सहज सांगावं तितक्या सहज ते हे सांगत होते. मला तेव्हा वाटलं, मामाच्या हॉलमधल्या मंडळींना हा माणूस भेटला हे बरं झालं. निदान आपल्या धंद्यातला उस्ताद तरी बघायला मिळाला.

दुसऱ्या दिवशी दुपारी निरीक्षकांचं जेवण आमच्याकडे होतं. त्यानंतर मामाने ठरवलेल्या गाडीतून ते विमानतळावर जाणार. गाडी एका बिल्डरची, पांढरी अँबेसिडर, पुढे झेंडा लावायची दांडी असलेली. मामीने पहाटे उठून सुरमई तळली होती, कोंबडी-वडे केले होते, सोलकढी केली होती. मामाची मुलाखत आदल्या दिवशी झकास झाली होती. निरीक्षकांनी त्याला दोन प्रश्न जास्त विचारले होते, आणि चिटणीसाने त्यावरून मामाला मंत्रिपदापर्यंत पोचवलं होतं. टेम्पोवाल्याची मुलाखत तेवढी बाकी होती. त्याच्या दहिसरच्या बहिणीकडे वास्तुशांत होती आणि तो तिथे अडकला होता. "बघा, याला वेळेचं भान नाही," मामा सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

निरीक्षक मधल्या खोलीत पाटावर बसले होते, पहिला वडा मोडला होता, आणि चिटणीस मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरला. पानवाल्याकडच्या ट्रान्झिस्टरवर त्याने बातम्या ऐकल्या होत्या.

"भाऊ, वाट लागली," तो कुजबुजला. "पाव्हण्यांच्या सरकारने राजीनामा दिला. मुख्यमंत्री गेले, सगळे गेले. हे आता कोणीच नाहीत!"

मामा हातातली सोलकढीची वाटी घेऊन तसाच उभा राहिला.

"नक्की?"

"कानाने ऐकलं. आता ह्यांचं दिल्लीत कोण ऐकणार? उलट ह्यांनी कुणाचं नाव दिलं, की तो ह्यांचा माणूस ठरणार. तुमचंच नाव दिलं तर तुम्ही बुडालात!"

मामाचा चेहरा माझ्यासमोर बदलला. त्याला भीती वाटली असं मी म्हणणार नाही. इतकी वर्षं तो जी विद्या शिकला होता तिचा आता उपयोग करायची वेळ आली, अशी एक धूर्त चमक त्याच्या डोळ्यांत आली. कोण चढला, कोण पडला हे सगळ्यांच्या आधी ओळखायचं आणि पडणाऱ्याच्या सावलीतून आधी बाजूला व्हायचं.

मी म्हणाले, "मामा, त्यांनी मला काल सांगितलंय. मुख्यमंत्री गेले की सगळेच राजीनामा देतात. ती रीत आहे. नंतर पुन्हा—"

"तू इंग्रजी बघ," मामा म्हणाला.

"बाय, हे पुस्तकात नसतं," चिटणीस म्हणाला, आणि वर माझ्याकडे बघून दयेने हसला.

मी एकदा सांगितलं होतं. दुसऱ्यांदा सांगायचा माझा स्वभाव नाही, आणि खरं सांगायचं तर त्या दोघांसाठी तो बदलावा असंही मला वाटलं नाही.

"गोड वाढू नको," मामा मामीला म्हणाला. "आटपतं घे."

मामीने झारा कढईवर आपटला. ती चिडली की मालवणीत शिरायची. "पानार बसलेल्या माणसाक उठवूक मी काय तुमची चिटणीस नाय. मंत्री असो नायतर मास्तर, तो जेवतलो. सगळा जेवतलो."

आणि तिने जाऊन निरीक्षकांच्या पानात खरवस वाढला, नेहमीपेक्षा मोठा तुकडा.

जेवण होईपर्यंत मामाने बाकीची कामं उरकली. बिल्डरच्या ड्रायव्हरला बाहेर गाठून परत पाठवलं. हॉलमध्ये जमलेले कार्यकर्ते एकेक करून "जरा जाऊन येतो" म्हणत पांगले. येताना ज्यांनी गुडघ्यापर्यंत वाकून नमस्कार केले होते ते जाताना नुसती चप्पल शोधत होते. निरीक्षक हात पुसत बाहेर आले तेव्हा हॉलमध्ये मी, मामा आणि चिटणीस उरलो होतो. ते फोनकडे गेले. डायलवर पितळी कुलूप होतं.

मामा हात चोळत उभा होता. "लाइन खराब झाली," त्याने मला सांगितलं. "सांग त्यांना. आणि गाडीचा क्लच गेला म्हणावं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. निरीक्षकांनी कुलपाकडे बघितलं, मग मामाकडे, मग माझ्याकडे. ते जराही रागावले नाहीत. उलट त्यांच्या चेहऱ्यावर एक प्रकारची ओळख पटल्याची खूण होती, जशी परगावी आपल्या गावचा माणूस दिसला की उमटते. "तुमच्याकडेही नवशिके आहेत," ते मला म्हणाले. मामाने विचारलं, काय म्हणतात? मी म्हणाले, "जेवण छान झालं म्हणतात."

तेवढ्यात टेम्पोवाला आला. कपाळाला वास्तुशांतीचं गंध, हातात ओला पुडा, त्यात झेंडूचा जाडजूड हार. धापा टाकत त्याने आधी निरीक्षकांच्या गळ्यात हार घातला, मग हॉलभर बघितलं.

"काय भाऊ, सगळे कुठे गेले? मला उशीर झाला वाटतं. रागावले का साहेब?"

चिटणीसाने मामाला कोपराने ढोसलं. याला काही कळलेलंच नव्हतं! मामाला हसू दाबता दाबेना.

"नाही रे, उलट बरं झालं आलास," तो म्हणाला. "आमची गाडी बंद पडली. तुझी आहे ना बाहेर? तूच सोड साहेबांना एअरपोर्टला. मुलाखत काय, गाडीत होईल."

"हो, हो! का नाही!" टेम्पोवाल्याने निरीक्षकांची बॅग उचलली. त्याची गाडी म्हणजे जुनी फियाट, मागच्या सीटवर वास्तुशांतीच्या प्रसादाची पातेली. ती त्याने डिकीत कोंबली आणि निरीक्षकांना मागे बसवून स्वतः चालवायला बसला. निरीक्षकांनी दार लावता लावता मामीकडे बघून हात जोडले. मामी एकटीच त्यांच्यासाठी पायरीवर येऊन उभी होती.

गाडी वळल्यावर मामा आणि चिटणीस इतके हसले की मामा भिंतीला टेकला.

"जळू दे त्याचं पेट्रोल!"

"भाऊ, हार बघितलात? बुडत्याच्या गळ्यात हार!"

"आता दिल्लीत कळेल, हा कोणाचा माणूस. संपला टेम्पोवाला. लिहून घे."

त्या संध्याकाळी मामाने मामीला कोंबडी पुन्हा गरम करायला लावली आणि स्वतः तीनदा वाढून घेतली. मी इतक्या वर्षांत त्याला इतकं खुशीत बघितलं नव्हतं. मला त्याची कीव यायला हवी होती, पण आली नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी टीव्हीवर बातम्यांत निरीक्षक दिसले. राज्यपालांसमोर उभे राहून ते शपथ घेत होते. मुख्यमंत्रिपदाची. दिल्लीने पत्ते पिसले होते आणि ते सर्वांत वर निघाले होते. बांधकाममंत्री मागच्या रांगेत टाळ्या वाजवत होते. शिक्षणमंत्री कुठे दिसले नाहीत.

 चिटणीस उठून टीव्हीच्या अगदी जवळ गेला. आपल्या ओळखीच्या माणसाच्या जागी दुसरा कुणी आहे का हे त्याला तपासायचं असावं. मग तो म्हणाला, "भाऊ, मी येतो जरा," आणि चप्पल शोधू लागला.

मामाने जानव्याची किल्ली काढली, कुलूप उघडलं, आणि मला म्हणाला, "फोन लाव. लाइटनिंग कॉल लाव." लाइटनिंग म्हणजे सर्वांत महाग, सर्वांत आधी लागणारा. तो काही विजेसारखा लागला नाही, पण लागला. पलीकडे कुणी स्वीय सहायक होता. मामा माझ्या कानाशी तोंड आणून सांगत होता आणि मी इंग्रजी करत होते. अभिनंदन सांग. त्यांचे पाय आमच्या घराला लागले हे आमचं भाग्य असं सांग. आणि क्लच खरंच गेला होता म्हणून सांग.

"मामा, क्लचचं कसं सांगू?"

"सांग गं! खरंच गेला होता म्हण. गॅरेजमध्ये टाकायला लागली."

मी सांगितलं. क्लच, गॅरेज, मनापासून दिलगिरी. पलीकडचा माणूस शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "कुठून बोलताय?"

"मुलुंड."

"ते कुठे आलं?"

मामा विचारत होता, काय म्हणाला, काय म्हणाला? मी म्हणाले, "कळवतो म्हणाला."

तिकीट टेम्पोवाल्याला मिळालं. ते त्या हारामुळे मिळालं, फियाटमुळे मिळालं की दिल्लीत आधीपासूनच ठरलेलं होतं, हे मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत नसावं. टेम्पोवाल्याला विचारलं तर तो म्हणायचा, "साहेब गाडीत झोपले होते. मी बोललोच नाही काही." मामाने मात्र त्या क्लचचीच खूणगाठ बांधली. अख्खं आयुष्य एका खोट्या क्लचवर अडलं असं त्याने ठरवून टाकलं, कारण दुसरं काही मानायचं तर आपण कुणाच्याच हिशेबात नव्हतो असं मानावं लागलं असतं. सोवळं नेसून देवळात जावं तितक्या निष्ठेने तो टेम्पोवाल्याच्या प्रचाराला गेला. टेम्पोवाला अर्थातच निवडून आला. गुरुजी पडले आणि चहाला या वेळी टेम्पोवाल्याकडे गेले.

वर्षभरात त्या छोट्या राज्यात पुन्हा काहीतरी झालं आणि निरीक्षकांना वगळलं. मामाने बातमी ऐकून मांडीवर थाप मारली. "बघ! म्हटलं होतं ना मी, संपला म्हणून!" आपला अंदाज चुकला नव्हता, नुसता जरा लवकर होता, असं त्याचं समाधान झालं. पण या वेळी त्याने माझ्याकडून त्यांना इंग्रजीत एक शुभेच्छापत्र लिहून घेतलं आणि नंतर दर नव्या वर्षाला एकेक पाठवत राहिला. परत येतात, हे त्याला नव्याने कळलं होतं.

त्याच सुमारास दंडाधिकाऱ्यांच्या मुदती संपल्या. नव्या नेमणुका आमदाराच्या शिफारशीने झाल्या आणि गोल शिक्का टेम्पोवाल्याच्या मेहुण्याकडे गेला. मामाने दारावरची पाटी काढली नाही. पावसाने अक्षरं गेली तरी ती तशीच राहिली. अजूनही एखादा चुकून कागद घेऊन यायचा आणि मामा त्याला पुढच्या गल्लीचा पत्ता सांगायचा.

मला एका शाळेत नोकरीसाठी अर्ज करायचा होता. मार्कशीटच्या प्रतींवर शिक्का हवा होता. मी एकटीच जाणार होते, पण मामा म्हणाला, "थांब, मी येतो. तुला तिथे कोण ओळखतं?" वाटेत त्याने पेढे घेतले.

टेम्पोवाल्याच्या घराबाहेर लोक पायऱ्यांवर बसले होते, तसेच, मामाच्या पायरीवर बसायचे तसे. आम्ही त्यांच्यामागे उभे राहिलो. मामा पेढ्यांचा बॉक्स कधी या हातात, कधी त्या हातात घेत होता. टेम्पोवाला बाहेर जायला निघाला होता. त्याने आम्हाला बघितलं.

"अरे भाऊ, तुम्ही रांगेत कशाला? या, या, आत बसा."

आम्ही आत बसलो. टेम्पोवाला पेढा तोंडात टाकून, हात पुसत, गाडीत बसून निघून गेला. मेहुणा आतून सावकाश आला. माझी मार्कशीट न वाचता त्याने शिक्क्यावर हा करून वाफ सोडली आणि विचारलं, "मतदारयादीत नाव आहे ना?"

मी काही म्हणायच्या आत मामा म्हणाला, "आहे, आहे. आमच्या घरातली सगळी आहेत."

समोरच्या भिंतीवर मुख्यमंत्र्यांचा फोटो होता. नवी कोरी फ्रेम, भिंतीला सपाट चिकटलेली. मामा बराच वेळ तिच्याकडे बघत होता. मग तो उठला, जवळ गेला, फ्रेमची खालची कड अलगद वर करून मागे बघितलं, आणि जाणकाराने नवशिक्याला सांगावं तसं मेहुण्याला म्हणाला, "खिळे इतके घट्ट ठोकू नका."

मेहुण्याला काही कळलं नाही. त्याने मामाकडे बघून मान हलवली आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का मारला.